ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधील अखेरच्या मिनिटांचा बचाव

ऑस्ट्रेलियन नियमांच्या फुटबॉलमध्ये थोडक्या गुणांनी पुढे असलेला संघ शेवटच्या दोन-तीन मिनिटांत आघाडी राखण्यासाठी वापरतो ते डावपेच. मैदान लंबगोल, प्रत्येक बाजूला १८ खेळाडू आणि ऑफसाइडचा नियम नाही. त्यामुळे सगळा संघ स्वतःच्या गोलपुढे आणून उभा करण्यास तत्त्वतः आडकाठी नसते. मधल्या दोन उंच खांबांमधून मारलेल्या गोलला ६ आणि त्यांच्या बाजूच्या खांबांमधून गेलेल्या चेंडूला, म्हणजे बिहाइंडला, १ गुण मिळतो. बचावाचा बहुतेक हिशेब या दोन आकड्यांवर चालतो.

आघाडी १ ते ५ गुणांची असेल तर एक गोल सामना घालवतो, ६ असेल तर बरोबरी होते, ७ किंवा अधिक असेल तर एका गोलने भागत नाही. यावरून बिहाइंड देण्याची, म्हणजे बचावपटूने स्वतःच चेंडू आपल्या गोलरेषेमागे घालण्याची, किंमत ठरते. ५ वरून ४ किंवा ३ वरून २ वर येण्याने काहीच बिघडत नाही, कारण प्रतिस्पर्ध्याला तरीही गोलच हवा असतो. ७ वरून ६ वर आल्यास एका गोलने बरोबरी होऊ शकते, ६ वरून ५ वर आल्यास बरोबरीचे संरक्षण जाते, आणि १ असताना दिलेला बिहाइंड थेट बरोबरी करतो. बिहाइंडनंतर किक-इन, म्हणजे गोलपुढून चेंडू पुन्हा खेळात आणणारी किक, बचाव करणाऱ्या संघाला मिळते. म्हणजे एका गुणाच्या मोबदल्यात चेंडूचा ताबा हाती येतो.

हा सौदा जुना आहे. १८९७ मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीगने बिहाइंडला गुण देईपर्यंत त्याची नोंद होत असली तरी निकालात तो धरला जात नसे, आणि चेंडू गोलरेषेमागे ढकलणे फुकटचे होते. गुण मिळू लागल्यानंतरही ही युक्ती टिकली. २००८ च्या हंगामात ती टोकाला गेली. रिचमंडच्या जोएल बाउडनने एसेंडनविरुद्ध अखेरच्या क्षणी ६ गुणांची आघाडी असताना किक-इन पुढे न मारता चेंडू घेऊन सलग दोनदा गोलरेषा ओलांडली; रिचमंड ४ गुणांनी जिंकला. वरच्या हिशेबाने पाहिले तर बरोबरीचे संरक्षण सोडून त्याने सेकंद विकत घेतले, आणि तेव्हाच्या नियमांत ते पूर्णपणे बसत होते. त्याच वर्षीच्या अंतिम सामन्यात हॉथॉर्नने जीलाँगविरुद्ध असे ११ बिहाइंड दिले आणि १८.७ (११५) विरुद्ध ११.२३ (८९) (गोल, बिहाइंड आणि कंसात एकूण गुण) असा विजय मिळवला. ते सगळे शेवटच्या मिनिटांतले नव्हते, पण परिणाम एकच झाला : २००९ पासून मुद्दाम दिलेल्या बिहाइंडवर फ्री किक मिळू लागली, तीही गोलच्या तोंडाशी, म्हणजे जवळपास निश्चित गोल. २०१७ मध्ये या नियमाचा अर्थ आणखी कडक झाला. अंगावर प्रत्यक्ष दबाव नसताना, किंवा रेषेपासून ९ मीटरपेक्षा लांबून चेंडू मागे घालता येत नाही. आज हा मार्ग फक्त प्रतिस्पर्ध्याच्या कचाट्यात सापडलेल्या बचावपटूसाठी उरला आहे.

गोलपुढे गर्दी करण्याच्या पद्धतीला फ्लडिंग म्हणतात. तिच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. एक मत ती १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सिडनीचे प्रशिक्षक रॉडनी ईड यांच्याकडे नेते. दुसरे मत २००० मधील टेरी वॉलेस यांच्या वेस्टर्न बुलडॉग्जला श्रेय देते. त्या संघाने २१ व्या फेरीत तोवर अजिंक्य असलेल्या एसेंडनला त्या हंगामातील एकमेव पराभव दिला. ईड यांनी पद्धत बसवली आणि वॉलेस यांनी ती पूर्ण सामनाभर वापरून दाखवली, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते. मात्र शेवटच्या काही मिनिटांपुरता एखादा मोकळा खेळाडू बचावात मागे पाठवणे याहून बरेच जुने असावे. त्याला एकच जनक शोधणे व्यर्थ आहे. फ्लडिंगचा तोटा असा, की चेंडू अडवला तरी पुढे किक घ्यायला आपला कोणी उरत नाही. बाहेर काढलेला चेंडू लगेच परत येतो, आणि दमलेल्या गर्दीतून एखादा झटपट मारलेला शॉट सुटतोच.

२०१९ पासून प्रत्येक क्वार्टरच्या सुरुवातीला आणि प्रत्येक गोलनंतर दोन्ही संघांना मैदानाच्या तीन भागांत ६-६-६ असे उभे राहावे लागते. त्यामुळे गोल खाल्ल्यानंतर आधीच आठ-नऊ जण मागे ठेवता येत नाहीत. चेंडू खेळात येताच विंगवरचे दोघे धावत मागे येतात. ते पोहोचेपर्यंतचे काही सेकंद सर्वांत धोक्याचे. म्हणून मध्यातला रकमन (पंचाने उंच उडवलेल्या चेंडूसाठी उडी घेणारा उंच खेळाडू) चेंडू स्वच्छ जिंकण्यापेक्षा तो गर्दीत पाडून पुन्हा बॉल-अप व्हावा, म्हणजे पंचाला चेंडू परत उडवावा लागावा, असे पाहतो. पूर्वी अशा वेळी दोन रकमनखेरीज तिसरा खेळाडू उडी घेऊन चेंडू ठोकत असे. २०१७ मध्ये त्यावर बंदी आली.

सीमारेषेची कथाही बंधनांचीच आहे. चेंडू बाहेर घालवणाऱ्या संघाविरुद्ध १९२५ पासून फ्री किक दिली जाई. १९३९ मध्ये थ्रो-इन, म्हणजे सीमापंचाने चेंडू आत फेकणे, परत आले. १९६९ पासून टप्पा न पडता थेट बाहेर गेलेल्या किकवर फ्री किक असते. २०१६ पासून चेंडू खेळात ठेवण्याचा पुरेसा प्रयत्न दिसला नाही तरी पंच शिट्टी वाजवतात. आता बचावपटू चेंडू रेषेच्या दिशेने, पण आपल्या खेळाडूजवळ मारतो आणि तिथे कोंडी होण्याची वाट पाहतो. हवेतला चेंडू मुठीने रेषेपार ठोकणे मात्र सहसा चालते.

सर्वांत भरवशाचा बचाव म्हणजे चेंडू स्वतःकडेच ठेवणे. किमान १५ मीटर गेलेली किक झेलली की मार्क, म्हणजे अडथळ्याविना किक मारण्याचा हक्क, मिळतो आणि घड्याळ न थांबता पंच साधारण ८ सेकंद देतात. २० ते ३० मीटरच्या पाच-सहा किकमध्ये मिनिटभर निघून जाते. कबड्डीत आघाडीवरचा संघ रिकाम्या चढाया करतो, तसेच हे. फसण्याची कारणे ठरलेली असतात : किक १५ मीटरहून कमी पडणे, ‘प्ले ऑन’ची (हक्क संपला, खेळ सुरू अशी पंचाची) हाक न ऐकता रेंगाळणे, आणि गोलसमोरच्या मधल्या पट्ट्यातून आडवी किक मारणे. तिथे चेंडू गेला तर बचाव सावरायला वेळच नसतो. लांब किक मारून मोकळे होण्याचा मोह त्याहून घातक ठरतो. २०१८ च्या अंतिम सामन्यात थोडक्या गुणांनी पुढे असलेल्या कॉलिंगवूडची पुढे गेलेली किक वेस्ट कोस्टच्या जेरेमी मॅकगव्हर्नने अडवून मार्क केली. तिथून चेंडू वार्डी, रायन आणि शीड असा गेला आणि शीडच्या गोलने सामना फिरला; वेस्ट कोस्ट ७९-७४ असा जिंकला.

हवेतल्या चेंडूवर मार्क घ्यावा की मूठ मारावी, यावर प्रशिक्षकांची शिकवण बहुधा मुठीच्या बाजूने असते. २००५ च्या अंतिम सामन्यात सिडनीच्या लिओ बॅरीने ४ गुणांची आघाडी असताना शेवटच्या सेकंदांत गर्दीवर झेप घेऊन मार्क घेतला आणि संघाला ७२ वर्षांनी विजेतेपद मिळाले. मूठ मारलेला चेंडू खाली टपून बसलेल्या आक्रमकाच्या पायाशी पडतो, मार्क मात्र खेळ तिथेच थांबवतो. हात नक्की पोहोचत असतील तेव्हा बॅरीचाच निर्णय बरोबर.

वेळ संपल्याच्या सायरनपूर्वी मार्क किंवा फ्री किक मिळालेला खेळाडू सायरननंतरही शॉट घेऊ शकतो. अशा वेळी उंच खेळाडू गोलरेषेवर उभे केले जातात. चेंडूला बोट लागले तरी गोलऐवजी बिहाइंड होतो. मार्कवर, म्हणजे किक मारणाऱ्यासमोर ठरलेल्या जागी, उभ्या बचावपटूने २०२१ च्या नियमानुसार जागचे हलू नये, नाहीतर ५० मीटर दंड होऊन अवघड शॉट सोपा होतो. सायरन पंचाला ऐकू गेला तरच खेळ संपतो, हे २००६ मध्ये लाँसेस्टन येथे दिसले. सायरन वाजूनही खेळ चालू राहिला, सेंट किल्डाने एका बिहाइंडने बरोबरी साधली, आणि पुढे लीगने निकाल बदलून फ्रिमँटलला एका गुणाने विजयी ठरवले.

महिलांच्या लीगमध्ये गोलपासून ५० मीटरवर आखलेल्या दोन्ही कमानींच्या दरम्यान चेंडू बाहेर घालवणाऱ्या संघाविरुद्ध फ्री किक असते, त्यामुळे तेथे सीमारेषेचा आधार जवळपास नाहीच.