हिरवळीवरचा सिनेमा : उन्हाळ्यातल्या मोफत खेळांची माहिती

नमस्कार. पाचगणीतल्या आमच्या हॉटेलच्या मागच्या हिरवळीवर एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारपासून मे अखेरीपर्यंत दर बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी सिनेमा दाखवला जातो. बुधवारी मराठी, शनिवारी हिंदी. खोली घेतानाच बरेच जण याबद्दल विचारतात आणि रिसेप्शनवरचा मुलगा घाईत अर्धंच सांगतो, म्हणून हे पत्रक.

मोफत म्हणजे खरंच मोफत?

हो. तिकीट नाही, पास नाही, खोलीच्या बिलात ‘करमणूक शुल्क’ अशी ओळ येत नाही. सिनेमा बघताना काही खायलाच हवं अशी सक्ती नाही. मागवलंत तर दर जेवणघरातलेच असतात. हिरवळीवर आणून दिलं म्हणून भेळ महाग होत नाही.

मग आम्हाला काय मिळतं, असा प्रश्न हिशेबी पाहुण्याच्या मनात येणारच, आणि तो रास्त आहे. पाचगणीला शनिवार-रविवारी जागा मिळत नाही आणि बुधवारी निम्म्या खोल्या रिकाम्या असतात. बुधवारच्या खेळामुळे काही कुटुंबं एक रात्र जास्त राहतात. शनिवारी सगळे बाजारात जेवायला जाण्याऐवजी इथेच जेवतात. परवान्याचा आणि यंत्रांचा खर्च त्यातून निघतो. एवढंच गणित आहे.

गंमत म्हणून सांगतो, आपल्या देशात सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला तो हॉटेलातच. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. तिकीट होतं एक रुपया, आणि त्या काळी रुपया म्हणजे थोडीथोडकी रक्कम नव्हती. हॉटेल आणि सिनेमाची जोडी आम्ही जुळवलेली नाही. आम्ही फक्त तो रुपया काढून टाकला.

सात वाजता का सुरू करत नाही?

लहान मुलं असलेल्या घरांची ही पहिली तक्रार. मुलं साडेआठला पेंगतात आणि आम्ही सिनेमा लावतो ७:४० ला. यात आमच्या हातात फारसं काही नाही. पाचगणीत एप्रिलच्या मध्यात सूर्य सातच्या थोडा आधी मावळतो, मे अखेरीला सातच्या थोडा नंतर. मावळतीच्या क्षणी उघड्यावर साधारण ४०० लक्स (लक्स म्हणजे जागेवर पडणारा उजेड मोजायचं माप) उजेड असतो. आमचा ५,००० ल्युमेनचा प्रोजेक्टर १६ फूट रुंद आणि ९ फूट उंच पडद्यावर जो प्रकाश टाकतो, तोही जास्तीत जास्त तेवढाच भरतो. म्हणजे चित्रातला काळा भागही उजळलेलाच दिसणार. नायिकेचे केस आणि मागचं आकाश एकाच रंगाचं.

सूर्यास्तानंतर २०-२५ मिनिटांत मात्र तोच उजेड ३-४ लक्सवर येतो. ७:३० ला चित्र दिसायला लागतं, ७:४० ला चांगलं दिसतं. पहिली दहा मिनिटं तरीही जरा फिकी वाटतील. त्यामुळे सुरुवातीलाच अंधाऱ्या वाड्यातला किंवा मध्यरात्रीचा प्रसंग असलेला सिनेमा आम्ही सहसा निवडत नाही, निवडलाच तर आधी एखादा लघुपट लावून वेळ काढतो.

पौर्णिमेला चित्र पुसट दिसेल का, असंही विचारतात. नाही. पूर्ण चंद्राचा उजेड फार तर पाव लक्स. त्याहून जास्त त्रास व्हरांड्यातल्या एका दिव्याचा होतो, म्हणून खेळ चालू असताना मागच्या बाजूचे दिवे बंद असतात. पायऱ्यांवर जमिनीलगत छोटे पिवळे दिवे ठेवले आहेत. त्या बाजूच्या खोल्यांत असाल तर पडदे ओढून घ्या, ही विनंती.

दहाच्या आत संपवावाच लागतो

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि दिवसा लावायचा तरी लेखी परवानगी लागते. ती आम्ही दर सीझनला घेतो. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. पाचगणी तर शाळांचं गाव. शाळा, रुग्णालय, न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र असतो. आमची हिरवळ त्याच्या बाहेर आहे, तरी शेजारच्या बंगल्यांत माणसं राहतात आणि आम्हाला त्यांच्याशी वर्षभर बोलायचं असतं.

म्हणून पडद्याच्या दोन बाजूंना दोन मोठे भोंगे ठेवण्याऐवजी आम्ही बसायच्या जागेतच सहा छोटे स्पीकर मांडतो. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. स्पीकर तुमच्यापासून दहा फुटांवर असेल तर तो हळू ठेवूनही संवाद स्पष्ट ऐकू येतात आणि कुंपणापर्यंत जाईस्तोवर आवाज विरतो. आवाज वाढवा असं कोणी ओरडलं तर आमचा माणूस वाढवणार नाही. त्याऐवजी तो तुम्हाला पुढची खुर्ची देईल.

आता हिशेब करा. ७:४० ते ९:५०, मध्ये दहा मिनिटांचं मध्यंतर. सिनेमासाठी उरले दोन तास. तीन तासांचे हिंदी सिनेमे त्यामुळे आपोआप बाद होतात, मग ते कितीही लाडके असोत. पूर्वार्ध बुधवारी आणि उत्तरार्ध शनिवारी दाखवा, अशीही सूचना आली आहे. पण बुधवारचा पाहुणा शनिवारी मुंबईला घरी पोचलेला असतो. मध्यंतर काढून टाका म्हणणारेही आहेत. ते आम्ही काढणार नाही. मध्यंतराशिवाय सिनेमा बघितल्यासारखा वाटत नाही, असं आमचं प्रामाणिक मत आहे.

‘माझ्या मोबाइलवर आहे, तोच लावा ना’

ही विनंती प्रेमाने केली जाते आणि आम्ही ती प्रेमानेच नाकारतो. ओटीटीची वर्गणी तुमच्या घरात, तुमच्या कुटुंबाने बघण्यासाठी असते. हॉटेलच्या हिरवळीवर लावला की ते सार्वजनिक प्रदर्शन. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तर हॉटेलच्या राहत्या खोल्यांचाही नाव घेऊन उल्लेख आहे. एकाच वेळी अनेक खोल्यांत चित्रपट पोचवणं हेसुद्धा जनतेपर्यंत पोचवणंच धरलं जातं. तिकीट नाही म्हणून सूट मिळत नाही. आम्ही लावतो त्या प्रत्येक सिनेमाचे प्रदर्शनाचे हक्क ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून लेखी परवाना घेतलेला असतो. कागद रिसेप्शनवर आहेत, बघायचे असतील तर मागा.

याच कायद्यानुसार चित्रपटाचा हक्क तो प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. त्यामुळे खूप जुने सिनेमे दाखवणं सोपं असेल असं वाटतं. पण त्यातली गाणी, संगीत आणि कथा यांचे हक्क वेगळे असू शकतात, आणि चांगली, खरवडलेली नसलेली प्रत मिळवणं हे निराळंच काम. जुना सिनेमा आम्ही आवडीने लावतो, पण चौकशी केल्याशिवाय नाही.

३ मे रोजी, वार कोणताही असो, एक जास्तीचा खेळ असतो. १९१३ साली याच तारखेला गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. आज त्या मूकपटाचा थोडाच भाग शिल्लक आहे. मुख्य सिनेमाच्या आधी तो दाखवतो. मुलांना आधी सांगून ठेवा की आवाज येणार नाही, नाहीतर ती ‘स्पीकर बिघडला’ म्हणून गलका करतात.

मुलांचाच विषय निघाला म्हणून : आम्ही फक्त ‘यू’ आणि ‘यूए ७+’ प्रमाणपत्राचे सिनेमे लावतो. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. जुन्या चित्रपटांवर नुसतंच ‘यूए’ असतं. तसा सिनेमा आम्ही आधी स्वतः पाहतो. गुजरातहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी मराठी सिनेमाला खाली इंग्रजी ओळी चालू ठेवतो. त्या बंद करा असा आग्रह कृपया धरू नका.

वारा आणि वळीव

पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच. दिवसा ऊन चटकतं, पण सूर्य गेला की दरीकडून वारा सुटतो. मुंबईच्या घामातून आलेली मंडळी पातळ सुती कपड्यांत हिरवळीवर येऊन बसतात आणि मध्यंतराला खोलीत स्वेटर शोधत फिरतात. शाल किंवा जाड चादर आधीच बरोबर घ्या. रिसेप्शनवर काही घोंगड्या ठेवल्या आहेत. आधी मागेल त्याला मिळतात.

वाऱ्याचा खरा त्रास पडद्याला. १६ बाय ९ फुटांचा पडदा म्हणजे उभं केलेलं शीडच. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर साधारण ६० किलोचा रेटा बसतो, आणि वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. पडदा आम्ही लोखंडी पाइपांच्या चौकटीवर ताणतो, चौकटीच्या पायांवर वाळूच्या गोण्या ठेवतो आणि चारी बाजूंनी दोर जमिनीतल्या खुंट्यांना बांधतो. सिल्व्हर ओकच्या झाडांना खिळा ठोकलेला नाही आणि ठोकणारही नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालेला आहे. पण तसा तो नसता तरी झाडाला खिळा कशाला? त्या दोरांना पांढऱ्या फिती लावल्या आहेत. अंधारात त्यांच्या पलीकडे मुलांना पाठवू नका.

मे महिन्यात वळवाचा भरवसा नाही. दुपारभर तापलं की चारच्या सुमाराला ढग चढतात. कधी नुसता गार वारा देऊन जातात, कधी तासभर झोडपतात. खेळ होणार की नाही हे आम्ही संध्याकाळी ६ वाजता ठरवतो आणि रिसेप्शनजवळच्या फळ्यावर लिहितो. त्याआधी विचारलंत तर ‘बघू’ एवढंच उत्तर मिळेल, आणि ते टाळण्यासाठी दिलेलं नसतं. हिरवळ ओली असेल पण आकाश मोकळं असेल, तर सतरंज्यांऐवजी सगळीकडे खुर्च्या टाकतो. पाऊस चालूच असेल तर जेवणघरात छोट्या पडद्यावर तोच सिनेमा लागतो. तिथे जागा थोडी, म्हणून मुक्कामाच्या पाहुण्यांना प्राधान्य.

एक गोष्ट मात्र चर्चेविना. ढगांचा गडगडाट ऐकू आला की खेळ त्याच क्षणी थांबतो, पडद्यावर काहीही चालू असो. उंच झाडं, लोखंडी चौकट आणि वीज हे एकत्र नकोच. तेव्हा झाडाखाली आडोसा घेऊ नका, सरळ इमारतीत या. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं शांत गेली तरच पुन्हा सुरू करतो, आणि तोवर नऊ वाजून गेले असतील तर तो खेळ तिथेच संपला.

पहिला वळीव पडून गेल्यावर एक-दोन संध्याकाळी पंखवाल्या वाळवीचे थवे उजेडाकडे झेपावतात. प्रोजेक्टरच्या झोतात एखादा पतंग आला की पडद्यावर त्याची गरुडाएवढी सावली पडते. त्यावर आमच्याकडे उपाय नाही. प्रेक्षक हसतात, आणि सिनेमा गंभीर असेल तर जरा जास्तच हसतात.

कुठे बसावं

पुढे सतरंज्या आणि लोड, मध्ये बुटक्या खुर्च्या, मागे हाताच्या नेहमीच्या खुर्च्या. पहिली सतरंजी पडद्यापासून २० फुटांवर. त्याच्या पुढे बसलं तर मान दुखते. सर्वांत चांगली जागा मधल्या खुर्च्यांची दुसरी-तिसरी रांग. आजी-आजोबांसाठी मागच्या रांगेतल्या कडेच्या जागा राखून ठेवतो, उठायला-बसायला सोपं आणि स्वच्छतागृह जवळ. चाकाच्या खुर्चीसाठी डाव्या बाजूने फरशीची वाट आहे. रुमाल टाकून जागा धरता येते, पण ७:३० पर्यंतच.

प्रोजेक्टर मध्यभागी टेबलावर असतो आणि त्याच्यापुढची वाट मोकळी ठेवावी लागते. खेळ सुरू होण्याआधी पाच मिनिटं आम्ही नुसता पांढरा उजेड सोडतो. तेवढ्या वेळात मुलांनी झोतात हात घालून ससे, हरणं, कुत्रे, काय हवं ते करावं. त्यानंतर उठलेल्या प्रत्येक माणसाने वाकून जावं, वडीलधाऱ्यांनीसुद्धा. पडद्याला मागून काळं अस्तर आहे, त्यामुळे जत्रेतल्या तंबूसारखं मागच्या बाजूला बसून उलटा सिनेमा बघता येत नाही.

खायला भेळ, भाजलेली कणसं, इथले मसाल्याचे चणे, चहा-कॉफी. एप्रिलमध्ये माल मिळतो तोवर स्ट्रॉबेरी विथ क्रीम. बाहेरचं आणलेलं चालतं, फक्त प्लास्टिकच्या पिशव्या नकोत. वाऱ्याने त्या थेट दरीत जातात. दारू हिरवळीवर चालणार नाही.

मुक्कामाला नसाल तर

पाचगणी, भिलार, वाई इथल्या मंडळींनीही जरूर यावं. त्याच दिवशी दुपारी ४ पर्यंत फोन करून किती जण येणार ते सांगा, म्हणजे खुर्च्या कमी पडत नाहीत. गाड्या पुढच्या आवारात लावा; रस्त्याच्या कडेला लावल्यात तर वळणावर समोरून येणाऱ्याला दिसत नाही. वाईला परत जाणाऱ्यांनी पसरणी घाटाचा विचार करून निघावं. मे अखेरीला रात्री घाटात कधी कधी धुकं उतरतं. तसं असेल तर खेळ संपल्यावर आमचा माणूस गेटवर सांगेल. थोडा वेळ थांबा, चहा आमच्याकडून.