वॉट खरा, निष्कर्ष खोटा

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉल संघांच्या नव्या भरतीच्या याद्या आल्या की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "स्टार रेटिंगला काही अर्थ नाही, जे. जे. वॉट बघा!" हे रेटिंग म्हणजे शाळकरी खेळाडूंना कॉलेजात येण्याआधी मिळणारे स्टार, जास्तीत जास्त पाच; जितके स्टार जास्त, तितकी अपेक्षा मोठी.

वॉटची गोष्ट खरीच आहे. शाळेतून निघताना तो दोन-स्टार होता. सेंट्रल मिशिगन विद्यापीठ सोडून विस्कॉन्सिन विद्यापीठात शिष्यवृत्तीशिवाय आला, मधल्या काळात घरोघरी पिझ्झा पोहोचवले आणि पुढे एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, सर्वोत्तम बचावपटू तीनदा ठरला. अशा जिद्दीपुढे मान झुकतेच.

पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. पाच-स्टार मुलं वर्षाला जेमतेम तीसेक, दोन-तीन स्टारची हजारोंनी. एवढ्या गर्दीतून काही जण चमकणारच. शंभरातले किती चमकले, हे विचारा. तिथे पाच-स्टार फार पुढे आहेत. २४७स्पोर्ट्स ही रेटिंग देणारी वेबसाइट तर पाच-स्टारांची संख्या ठरवताना एनएफएल ड्राफ्टच्या (व्यावसायिक संघ दरवर्षी कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेच्या) पहिल्या फेरीतल्या ३२ निवडी डोळ्यांसमोर ठेवते.

फसवा असतो तो भरतीच्या गुणांवरून ठरणारा संघाचा एकूण क्रमांक. जास्त मुलं घेतली की गुणही वाढतात. म्हणून आधी दर खेळाडूमागची सरासरी पाहा, मग लाइनमन, म्हणजे पुढच्या फळीत भिडणारे धिप्पाड खेळाडू, किती घेतलेत ते मोजा.