कंडरा दिसत नाही, तरी एक्स-रे बोलतो

‘एक्स-रे नॉर्मल आला, म्हणजे खांद्याला काही झालेलं नाही,’ असं आपल्याकडे सर्रास धरून चालतात. याच्या उलट टोकाचा समजही तितकाच चुकीचा: कंडरा एक्स-रेत दिसतच नाही, मग तो काढायचाच कशाला?

कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट पट्टा. हाडातल्या कॅल्शियमचा अणुअंक मोठा (20), म्हणून ते क्ष-किरण भरपूर शोषतं. कंडरेतले कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन (6, 7, 8) फारच कमी. त्यामुळे शेजारच्या स्नायूपासून ती वेगळी उमटत नाही. पण ती फाटल्यावर हाड जागचं हलू शकतं, आणि ते हलणं एक्स-रेवर मोजता येतं!

खांदा हा उखळीचा सांधा, पण ही उखळी अगदी उथळ. बशीच्या कडेला लिंबू टेकवावं तसा दंडाच्या हाडाचा गोल माथा तिला टेकलेला असतो. हात उचलताना डेल्टॉइड स्नायू माथ्याला वर ओढतो. त्याच वेळी रोटेटर कफचे, म्हणजे माथ्याला वेढणाऱ्या कंडरांच्या पट्ट्याचे, चार स्नायू पुढून, वरून, मागून त्याला कवेत घेऊन उखळीत दाबून धरतात. या दोन ओढींचा तोल असेपर्यंत माथा जागच्या जागी फिरतो. कफ मोठा फाटला, की डेल्टॉइडला आवरणारं कुणी उरत नाही आणि माथा वर, खांद्याच्या फऱ्याच्या टोकाकडे, म्हणजे ॲक्रोमियनकडे सरकतो. या दोन हाडांमधली फट निरोगी खांद्यात साधारण 7 ते 14 मिलिमीटर असते. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत ती 6 पेक्षा कमी भरली, तर मोठ्या फाटीची दाट शंका येते. पुढे घासून घासून ॲक्रोमियन खालून खोलगट होतं. या पायऱ्यांची वर्गवारी जपानच्या हमादा यांनी 1990 साली मांडली.

लहान फाट मात्र यातून निसटते, कारण उरलेला कफ तोल सांभाळतो. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी 2020 साली संगणकाला खांद्याचे एक्स-रे वाचायला शिकवलं, तेही फाट नसलेले रुग्ण वगळता यावेत म्हणून. ‘आता एमआरआय नको’ असा अर्थ त्यातून काढू नये.

आणि ‘नस चढली’ म्हणून खांद्याला झटका देणाऱ्यांकडे तर जाऊच नये. फाटलेली कंडरा झटक्याने जुळत नाही. पडल्यावर हात एकाएकी उचलेनासा झाला, तर एक्स-रे स्वच्छ असला तरी सोनोग्राफी किंवा एमआरआय लवकर करावा. उशीर झाला की त्या स्नायूत चरबी भरत जाते, आणि मग कंडरा शिवली तरी पूर्वीची ताकद येणं अवघड होतं.