पाणी जाऊ द्या, माती नको

मुंबई तुंबायला नुसता पाऊस पुरत नाही, भरतीही लागते. शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेल्या. या वाहिन्या सुधारण्याच्या 'ब्रिमस्टोवॅड' प्रकल्पात ती क्षमता ५० मिलिमीटरवर न्यायचे ठरले. पण नाल्याचे तोंडच भरतीच्या पाण्याखाली गेले, तर क्षमतेला विचारतो कोण? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस सगळ्यांना पाठ आहे. वेळेचे गणित मात्र फारसे कोणी मांडत नाही. मिठी, दहिसर, पोयसर, ओशिवरा या नद्या राष्ट्रीय उद्यान आणि आरेच्या डोंगरांतून निघतात आणि थोडक्या किलोमीटरांत खाडी किंवा समुद्र गाठतात. डोंगरावर सर आली की खाली पाणी आलेच, मध्ये उसंत नाही.

ही उसंत देण्याचे जुने आणि स्वस्त साधन म्हणजे मातीचा छोटा पूरनियंत्रक बांध. एक चौरस किलोमीटर डोंगरउतारावर तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वाहून आला, तर ते पाणी भरते १० कोटी लिटर. मोकळे सोडले तर तासभर सेकंदाला सरासरी २८ हजार लिटरचा लोंढा. आडवा बांध घालून तळाच्या मोरीतून सेकंदाला चारच हजार लिटर जाऊ दिले, तर तेच पाणी उतरायला सात तास लागतात. भरती ओसरायला साधारण सहा तास लागतात, म्हणजे काम झाले. मुंबईत आता असा बांध घालायला मोकळी दरी मिळणे कठीण. दादरच्या सखल हिंदमाता भागाचे पाणी साठवायला महापालिकेने जमिनीखाली टाक्या बांधल्या, त्यांचे गणित हेच आहे. डोंगरपायथ्याच्या गावांना मात्र मातीचा भरावच परवडतो.

असा बांध पाणी पूर्णपणे अडवतो, हा मोठा गैरसमज आहे. माती पाझरतेच. हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याने वाळूतून पाणी किती वेगाने जाते याचा नियम मांडला तो १८५६ साली. आपल्या विहार तलावाचे कामही त्याच साली सुरू झाले, हा योगायोग मला फार आवडतो. विहारचे मातीचे बांध १८६० मध्ये पूर्ण झाले, आणि कार्ल तेर्झागी यांनी मृदा यांत्रिकीची, म्हणजे माती भाराखाली कशी वागते या शास्त्राची, पक्की घडी बसवली ती १९२५ च्या सुमारास. ज्यांच्या सांडव्याचे पाणी मिठीत उतरते ते बांध, त्यांना तपासणाऱ्या शास्त्राहून साठेक वर्षांनी वडील आहेत! विहार पिण्याच्या पाण्यासाठी बांधला, पुरासाठी नव्हे. पण भरावातली माती तो फरक ओळखत नाही.

तेव्हा बांधाच्या खालच्या अंगाला ओल दिसली म्हणून धाबे दणाणायचे कारण नाही. पाण्यासोबत माती येते का, एवढाच खरा प्रश्न. भरावाच्या आतून मातीचा एकेक कण सुटू लागला की मागे पोकळी राहते, पोकळीतून पाणी आणखी जोरात जाते आणि आणखी कण नेते. खालून सुरू झालेली ही नळी मागे मागे जात जलाशयाला भिडली, की मग तासांचा खेळ उरतो. अमेरिकेतल्या टीटन धरणाखाली ३ जून १९७६ ला स्वच्छ पाण्याचे झरे दिसले. ५ जूनच्या सकाळी पाणी गढूळ झाले आणि त्याच दिवशी बाराच्या ठोक्याला धरण गेले. मातीची धरणे फुटण्याच्या जगभरच्या नोंदींत माथ्यावरून पाणी जाणे हे जवळपास निम्म्या वेळचे कारण, आणि उरलेल्यांतले बहुतेक ही आतली झीज.

हिच्यावरचा उपाय भरावातच घालून ठेवलेला असतो. काळ्या मातीच्या गाभ्यामागे वाळूचा उभा थर असतो, तो गाळणीचे काम करतो. चहाच्या गाळणीत आधी जाड पत्ती अडकते आणि मग तीच बारीक चुरा अडवते, तसेच इथे होते. म्हणून वाळूतले बारीक दाणे मातीतल्या जाड दाण्यांच्या चार-पाच पटींहून मोठे चालत नाहीत. वाळू ऐवजी हाताला लागेल ती खडी टाकली, तर पाणी जाते आणि मातीही जाते.

गाळणीतून आलेले पाणी पायथ्याच्या चरात उतरते. चराच्या शेवटी लोखंडी पत्रा आडवा बसवलेला, त्यात काटकोनात कापलेली खाच. हीच व्ही-नॉच. पत्र्यामागे उभ्या पट्टीवर पाण्याची उंची वाचायची. उंची ५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला सुमारे पाऊण लिटर पाणी जात असते. १० सेंटिमीटर झाली तर सुमारे ४.४ लिटर. उंची दुप्पट, पाणी साडेपाच पटींहून जास्त! म्हणूनच पट्टीवर दोन सेंटिमीटरची चूक म्हणजे किरकोळ चूक नव्हे. खाचेत पालापाचोळा अडकला तर आकडा खोटा वाढतो, पाऊस चालू असेल तर बांधाच्या उतारावरचे पाणीही त्यात मिसळते. म्हणून नोंदवहीत झिरप एकटी लिहून भागत नाही, शेजारी जलाशयाची पातळी आणि त्या दिवशीचा पाऊस हवा. पातळी वाढली म्हणून झिरप वाढली तर ठीक. पातळी तेवढीच असताना वाढली तर फोन उचलायचा. आणि पारदर्शक काचेच्या बाटलीत पाणी भरून रात्रभर उभी ठेवायची. सकाळी तळाशी गाळ बसला का, ते बघायचे. या बाटलीइतके स्वस्त उपकरण अख्ख्या स्थापत्यशास्त्रात नसेल.

पूरनियंत्रक बांधाचे दुखणे असे की तो वर्षातले बहुतेक दिवस कोरडाच असतो. पाण्याच्या साठवणीचे धरण दरवर्षी हळूहळू भरते, नोंदी साठत जातात, बदल कळतो. इथे पुराच्या रात्रीच परीक्षा. कोणत्याही मातीच्या धरणाला पाण्याने पहिल्यांदा भरणे सर्वांत धोक्याचे. टीटन पहिल्यांदाच भरत होते, पानशेतही. पानशेतला विमोचकावरचा (पाणी बाहेर सोडणाऱ्या मोरीवरचा) भरावच खचत गेला आणि १२ जुलै १९६१ ला पुण्यात पाणी शिरले. कोरड्या बांधाला दर मोठ्या पुरात जवळपास पहिल्यांदाच भरावे लागते, तेही काही तासांत. मधल्या काळात काळी माती उन्हाळ्यात आकसून तडकते, मोरीच्या नळाभोवती फट पडते, घुशी बिळे करतात, पिंपळाची मुळे आत शिरतात. तळाची मोरी पाचोळ्याने तुंबली तर चार हजार लिटरचे गणित संपले. पाणी सांडव्यावर येते, आणि सांडवा पुरला नाही तर माथ्यावर.

बिळांवरून आठवले. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले, तेव्हा एका मंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले आणि महाराष्ट्रभर चेष्टा झाली. खेकडे, घुशी, साळिंदर यांच्या बिळांमुळे झिरपवाट आखूड होते, हे शास्त्राला मान्य आहे. पण बीळ एका रात्रीत पडत नाही. मे महिन्यात गवत कापून भराव पायाखाली घातला, तर ते दिसते. खेकडा कारण असेल, सबब नाही.

उपकरणे हवीत का? भरावातली पाण्याची पातळी सांगणारा पिझोमीटर जरूर हवा. तापमान मोजणारी प्रकाशतंतूची तार, उपग्रहावरचे रडार ही मोठ्या धरणांची चैन. छोट्या बांधाला मुळात चालत जाणारा माणूस हवा, आणि नेमका तोच नसतो. कायदाही तिथवर पोचत नाही: २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात १५ मीटरहून उंच धरणे येतात, १० ते १५ मीटरची काही अटींवर. ९ मीटरचा बांध व्याख्येतच नाही, मग त्याखाली वस्ती कितीही असो. माझ्या मते उंची ऐवजी खाली किती माणसे झोपतात, ही अट पहिली असायला हवी होती.

आणि बांधाखाली गढूळ पाण्याचा उमाळा दिसलाच तर? गावात पहिली सूचना येते ती मातीची पोती टाकून भोक बुजवा. तसे केले तर दाब आत अडतो आणि पाणी शेजारून फुटते. आधी खालची वस्ती हलवायची. मग उमाळ्यावर उलटी गाळणी: खाली वाळू, तीवर बारीक खडी, वर जाड दगड. पाणी सुटते, माती धरून राहते. त्यासाठी लागणारी वाळू आणि खडी जूनच्या आधी बांधाशेजारी ढीग करून ठेवावी लागते, कारण जुलैच्या पावसात त्या चिखलाच्या वाटेने ट्रक वर चढत नाही.