ऑडिओबुकचे अभिवाचन

ऑडिओबुकचे अभिवाचन म्हणजे छापील पुस्तक एका किंवा अनेक आवाजांत वाचून ध्वनिमुद्रित करणे. नभोनाट्याची संहिता कानांसाठीच लिहिलेली असते. पुस्तक मात्र डोळ्यांसाठी लिहिलेले असते आणि ते कानांपर्यंत पोचवायचे असते. श्रोत्यांच्या बऱ्याचशा तक्रारींचे मूळ या फरकात सापडते. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः मराठी श्रोत्यांची आवडनिवड विचारात घेतली आहे.

एडिसनने १८७८ मध्ये फोनोग्राफचे उपयोग सांगितले, त्यांत अंधांसाठी बोलणारी पुस्तके होती. ती प्रत्यक्षात आली १९३० च्या दशकात, आधी अमेरिकेत आणि १९३५ मध्ये ब्रिटनमध्ये. वाचणाऱ्याने अभिनय किती करावा हा वादही तेव्हापासूनचा. बऱ्याच अंध श्रोत्यांना सरळ वाचन हवे असे, कारण त्यांच्या लेखी हे पुस्तक वाचणेच होते. करमणुकीचा कार्यक्रम नव्हे.

मराठी श्रोत्याचे कान दोन वेगळ्या सवयींवर तयार झाले आहेत. एक पोथीची सवय: चातुर्मासात एकाने वाचायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. तिथे अभिनयाची अपेक्षा नसते, पण शब्द गिळलेला चालत नाही. दुसरी सवय कथाकथनाची. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांनी गावोगावच्या मंचांवरून ती लावली. तिथे गोष्ट सांगायची असते आणि समोरून हशा येतो. स्टोरीटेल हे ऑडिओबुकचे ॲप २०१७ च्या अखेरीस भारतात आले, ऑडिबलने पुढच्या वर्षी भारतीय सेवा सुरू केली, आणि मोबाइलवर पुस्तक ऐकणारा वर्ग या दोन्ही अपेक्षा घेऊन आला. स्टुडिओतल्या काचेमागे हशा नसतो. मंच गाजवणारा कलाकार तिथे अनेकदा गरजेपेक्षा मोठ्याने बोलतो, ते यामुळेच.

श्रोता पहिल्यांदा उच्चार पाहतो. देवनागरीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार एकाच अक्षराने लिहिले जातात. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा. छापताना दोन्ही सारखेच, कानाला वेगळे. ‘जरा थांब’मधला जरा आणि ‘जरा-व्याधी’मधली जरा यांचेही तसेच. इथे चुकलेला निवेदक पुढे कितीही चांगले वाचो, श्रोता मनातल्या मनात त्याला दुरुस्त करत बसतो आणि गोष्ट निसटते.

त्याहून नाजूक प्रश्न एकाराचा, म्हणजे शब्दाच्या शेवटी येणाऱ्या ‘ए’चा आहे. पुस्तकात छापलेले असते, “मला हे सगळे आधीच कळले होते,” आजी म्हणाली. हे जसेच्या तसे वाचले की आजी बातम्या देते आहे असे वाटते. जाणता निवेदक संवादात ‘सगळं, कळलं, होतं’ करतो आणि निवेदनात लेखकाचा एकार सहसा तसाच ठेवतो. मात्र ही सवय हाताबाहेरही जाते. ‘फळ पिकले’चे ‘फळ पिकलं’ होते. ‘आंबे पिकले’ मात्र ‘पिकले’च राहते, कारण तिथला एकार पुल्लिंगी अनेकवचनाचा आहे. भरात वाचणाऱ्याकडून ‘आंबे पिकलं’ निघून जाते आणि संहिता समोर धरून बसलेल्या निर्मात्याला रिटेक घ्यावा लागतो.

बोलींबाबत श्रोते सर्वांत कठोर असतात, आणि रास्तपणे. मालवणी, वऱ्हाडी किंवा माणदेशी संवाद त्या भागातला माणूस दोन वाक्यांत पारखतो. सिनेमा-मालिकांतून आलेला सरसकट ‘गावरान’ हेल लावण्यापेक्षा मजकूर साधेपणाने वाचलेला बरा. बोली लेखकाच्या शब्दांत आधीच असते.

मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात, ‘तो पुटपुटला’, ‘ती किंचाळली’ हेही बहुधा संवादानंतरच. संहिता आधी न वाचता माइकसमोर बसलेला निवेदक “इकडे ये” खणखणीत म्हणून टाकतो आणि पुढे ‘ती कुजबुजली’ असे निघते. ही चूक श्रोत्याला लगेच कळते.

एकच आवाज की अनेक, याचे एक उत्तर नाही. कादंबरीला एक आवाज पुरतो. पुरुष निवेदकाने स्त्रीच्या संवादासाठी आवाज बारीक करण्याची गरज नसते, लय आणि जोर थोडा बदलला तरी पात्र ओळखू येते. अनेक कलाकार घेतले की वेगळीच अडचण उभी राहते. पात्राचा आवाज ऐकू आल्यावर पुन्हा निवेदकाने ‘ती म्हणाली’ सांगितले तर ते अडखळल्यासारखे वाटते, आणि गाळले तर लेखकाच्या मजकुराला हात लागतो. पार्श्वसंगीत प्रकरणाच्या सुरुवातीला आणि शेवटी बहुतेकांना चालते. संवादाखाली सतत वाजणारी बासरी मात्र स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीसोबत ऐकणाऱ्याला शब्द पकडू देत नाही.

तांत्रिक बाजू चांगली असली की कोणाच्या लक्षातही येत नाही. ऑडिबलच्या एसीएक्स या निर्मिती-मंचाच्या अटींनुसार आवाजाची सरासरी पातळी −२३ ते −१८ डेसिबलमध्ये हवी, कमाल पातळी −३ च्या वर जाता कामा नये आणि शांततेतला खरखराट −६० च्या खाली हवा. याचा हेतू साधा: श्रोत्याला आवाज सारखा कमी-जास्त करावा लागू नये. श्वास सगळेच काढून टाकले तर वाचन यंत्राचे वाटते. ठेवले तर धापा ऐकू येतात. संकलक ते कमी करतात, पुसत नाहीत. वेगाची तक्रार ॲपमधल्या वेगनियंत्रणाने बरीचशी मिटवली. दीडपट किंवा दुप्पट वेगाने ऐकणाऱ्यांना स्पष्ट, सपाट वाचन सोयीचे पडते. लांबलेल्या नाट्यमय जागा तिथे आक्रसून जातात.

अनुभवी कानाला सापडणारी आणखी एक गोष्ट म्हणजे जोड. चुकलेले वाक्य दुसऱ्या दिवशी पुन्हा मुद्रित करून मध्ये बसवतात. संध्याकाळच्या थकलेल्या, जड आवाजातल्या परिच्छेदात सकाळचा ताजा आवाज आला की ते एकच वाक्य दुसऱ्या खोलीतून आल्यासारखे वाटते. म्हणून काही निवेदक दुरुस्तीला बसण्याआधी आदल्या दिवसाचे मुद्रण हेडफोनवर ऐकतात आणि त्याच्याशी आवाज जुळेपर्यंत आधीची पाच-सहा वाक्ये त्यासोबत वाचत राहतात.