हवाई अंतर आणि उड्डाणकाळ

दोन विमानतळांमधले, पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर म्हणजे हवाई अंतर. मोसंब्यावर दोन टाचण्या टोचून त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरला, तर दोरा जी वाट घेईल तिला बृहद्वृत्ताची वाट म्हणतात. सपाट नकाशावर ही वाट बहुधा वाकडी दिसते.

ग्वाल्हेर–तिरुचिरापल्ली ही जोडी समजायला फार सोपी आहे. ग्वाल्हेर शहराच्या लष्कर या भागातल्या एखाद्या मराठी कुटुंबाला तंजावरला जाऊन, सरफोजी राजांनी 1803 मध्ये बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरून घेतलेला भोसल्यांचा मराठी शिलालेख पाहायचा असेल, तर जवळचा मोठा विमानतळ तिरुचिरापल्लीचा. ग्वाल्हेरचा विमानतळ 26°17′ उत्तर अक्षांशावर, तिरुचिरापल्लीचा 10°46′ वर; रेखांशात मात्र जेमतेम अर्ध्या अंशाचा फरक. म्हणजे वाट जवळजवळ सरळ दक्षिणेची, वर्ध्याच्या किंचित पश्चिमेकडून आणि हैदराबादच्या माथ्यावरून.

अक्षांशाचे एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, हा एक सागरी मैल, 1.852 किमी. इथे फरक 15 अंश 31 मिनिटांचा, म्हणजे 931 सागरी मैल; किलोमीटरमध्ये सुमारे 1,725. हा हिशेब कागद-पेन्सिलीने होतो आणि शाळेतल्या मुलांकडून तो जरूर करून घ्यावा. पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी असल्याने काटेकोर आकडा 1,720 किमीच्या आसपास येतो.

उड्डाणकाळ काढताना या अंतराला वेगाने नुसते भागून चालत नाही. एअरबस ए320सारखे जेट वरच्या उंचीवर ताशी सुमारे 830 किमीने जाते, पण चढताना आणि उतरताना तो वेग नसतो, शिवाय धावपट्टीपर्यंत जमिनीवरून चालत जायचे असते. त्यामुळे थेट उड्डाणाला साधारण अडीच तास धरावेत. एटीआर 72 हे पंख्याचे विमान ताशी 500 किमीच्या घरात उडते. इतका लांब पल्ला त्याच्या कामाचा नाही. वेळापत्रकातला वेळ हा ‘ब्लॉक टाइम’ असतो: चाकांखालची उटी (चाक अडवणारा ठोकळा) काढून विमान जागेवरून हलले की सुरू, आणि मुक्कामी पुन्हा उटी लागली की संपला.

वाराही हिशेबात धरावा लागतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर उंचावरून पश्चिमेचा जोरदार झोत वाहतो. वडोदऱ्याहून गुवाहाटीला जाताना तो पाठीशी असतो, परतताना तोंडावर, म्हणून येताना वेळ जास्त लागतो. ग्वाल्हेरहून दक्षिणेला जाणाऱ्या विमानाला तोच वारा कुशीत लागतो. नाक थोडे वाऱ्याकडे वळवून वाट सरळ राखली जाते.

छोट्या विमानतळांची खरी अडचण मधल्या थांब्याची. थेट विमान नसेल, तर बेंगळुरूमार्गे हवाई अंतर सुमारे 1,740 किमी होते, म्हणजे अवघ्या 20 किमीचा वळसा. दिल्लीमार्गे गेल्यास आधी उत्तरेला उलटे जायचे, आणि बेरीज 2,250 किमीच्या पुढे. बेंगळुरूची वाट निःसंशय सोयीची. तरी पुढच्या विमानाची वाट पाहण्यात तीन-चार तास सहज जातात, तेवढ्यात थेट उड्डाण पूर्ण होऊन वर वेळ उरला असता. डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरला सकाळी दाट धुके असते. पहिलेच विमान उशिरा निघाले, तर पुढचे चुकते, म्हणून त्या दिवसांत दोन विमानांमध्ये भरपूर अंतर ठेवावे किंवा दुपारचे विमान घ्यावे.