हिरवी पूड, चिंच-मीठ आणि जतनशास्त्र

दिवाळीच्या आधी एक सल्ला हमखास फिरतो: जुनी तांब्याची मूर्ती चिंच-मीठ लावून घासा, नव्यासारखी झळकेल. रोजच्या पूजेच्या ताम्हनाला ते चालतं. पण नांगरताना सापडलेली मूर्ती किंवा उत्खननातून आलेलं नाणं असेल, तर मिठातला क्लोराइड हा त्या वस्तूचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. संग्रहालयातल्या किंवा उत्खननातल्या वस्तूंचं जतन हे काम म्हणून निवडायचं असेल, तर आधी हा क्लोराइड नीट समजून घ्यावा.

मातीत शेकडो वर्षं पडलेल्या तांब्यावर मॅलेकाइटचा, म्हणजे तांब्याच्या कार्बोनेटचा, हिरवा थर चढतो. तो घट्ट आणि गुळगुळीत असेल तर वस्तूचं रक्षणच करतो. कोरलेली अक्षरं, मूळ पृष्ठभाग बहुतेकदा त्याच थरात टिकून असतात आणि चिंचेतलं टार्टारिक आम्ल नेमका तोच विरघळवतं.

खरी भानगड त्याच्या खाली असते. मातीतला क्लोराइड झिरपत धातूपर्यंत पोचतो आणि तिथे क्युप्रस क्लोराइडचा (तांबं आणि क्लोराइड यांच्या संयुगाचा) फिकट, मेणचट थर धरतो. जमिनीत तो गप्प असतो. वस्तू वर आली की त्याला ऑक्सिजन आणि बाष्प मिळतं. क्युप्रस क्लोराइडचे चार रेणू, पाण्याचे चार आणि ऑक्सिजनचा एक यांतून तांब्याच्या हिरव्या बेसिक क्लोराइडचे दोन रेणू आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन रेणू तयार होतात. हे बेसिक क्लोराइड म्हणजेच वर दिसणारी हिरवी पूड. म्हणजे निम्मा क्लोराइड पुडीत अडकला. उरलेला निम्मा आम्ल होऊन शेजारचं चांगलं तांबं खातो, पुन्हा क्युप्रस क्लोराइड बनतो आणि पुढची फेरी सुरू होते. तयार होणारी पूड खाल्लेल्या तांब्याच्या जवळपास चौपट जागा घेते, त्यामुळे वरचा मॅलेकाइट फुगून उडतो. यालाच ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात. हा जंतूंचा रोग नव्हे.

सापेक्ष आर्द्रता साधारण 42 टक्क्यांच्या खाली असेल तर ही क्रिया जवळजवळ थांबते. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये ती 80 च्या वर जाते, म्हणून उन्हाळ्यात धडधाकट दिसलेलं नाणं पावसाळ्यात पोपटी ठिपके दाखवतं.

हिरवं पडलेलं तांब्याचं भांडं ‘तांदूळ ओढतं’, वीज पडून त्यात इरिडियम आलंय, असं सांगून लाखो रुपये उकळणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रात पकडल्या गेल्या आहेत. तांबं तांदूळ ओढत नाही. दाण्यांना लोखंडाचा कीस आणि आत चुंबक, एवढाच तो चमत्कार.

उपचार करताना आधी सगळ्या बाजूंनी फोटो आणि वजन. मग सूक्ष्मदर्शकाखाली स्कॅल्पेलने फक्त पोपटी पूड आणि तिच्या खालचा मेणचट थर खरवडायचा, मॅलेकाइटला हात लावायचा नाही. अ‍ॅसिटोनने तेलकटपणा काढून वस्तू इथेनॉलमधल्या 3 टक्के बेन्झोट्रायाझोलच्या (तांब्यावर संरक्षक पापुद्रा धरणाऱ्या रसायनाच्या) द्रावणात 24 तास बुडवायची, शक्यतो निर्वात पात्रात, म्हणजे छिद्रांतली हवा निघून द्रावण आत शिरतं. हे रसायन विषारी आहे. नायट्राइलचे हातमोजे आणि धूर ओढणारं कपाट हवंच. वस्तू इथेनॉलने पुसून, ओल्या कापसासोबत बंद डब्यात एक दिवस ठेवायची. पूड पुन्हा आली तर उपचार पुन्हा. इथे बहुतेकदा घोटाळा होतो तो खोल खड्ड्यांत: तिथे आम्ल साचलेलं असतं आणि आम्लात बेन्झोट्रायाझोलचा पापुद्रा नीट धरत नाही. अशा खड्ड्यात सिल्व्हर ऑक्साइडची इथेनॉलमध्ये कालवलेली लगदी भरतात. दमट हवेत ते क्लोराइडला न विरघळणाऱ्या सिल्व्हर क्लोराइडमध्ये बांधून टाकतं. शेवटी अ‍ॅसिटोनमधल्या पॅरालॉइड बी-72 या पारदर्शक अ‍ॅक्रिलिक लेपाचे दोन पातळ हात, आणि बाष्प शोषणारं सिलिका जेल घातलेला घट्ट डबा. जेल भिजलं की भट्टीत वाळवून परत वापरता येतं. ते वेळेवर बदललं नाही तर वरचं सगळं वाया जातं, कारण क्लोराइड पूर्ण गेलेला नसतो.

या कामाला रसायनशास्त्राची पदवी चांगला पाया आहे. चित्रकला-शिल्पकलेतले विद्यार्थीही येतात. पुरातत्त्वाची बाजू पुण्यातच डेक्कन कॉलेजात शिकता येते. जतनाचं पदव्युत्तर शिक्षण नोएडाच्या भारतीय वारसा संस्थेत आहे, प्रशिक्षण लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळेत. नोकऱ्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देहरादूनमधून चालणाऱ्या विज्ञान शाखेत आणि मोठ्या संग्रहालयांच्या प्रयोगशाळांत असतात. जागा थोड्या निघतात, त्यामुळे अर्जासोबत स्वतः हाताळलेल्या वस्तूंच्या नोंदी जोडाव्यात: उपचाराआधीचा आणि नंतरचा फोटो, द्रावण किती टक्क्यांचं, किती तास, त्या दिवशीची आर्द्रता किती.